पान उलटेपर्यंत

हॉलच्या माणसाने सवयीने पियानोच्या डाव्या बाजूला दुसरी खुर्ची मांडली होती. वादकाने ती उचलायला सांगितली. त्या माणसाने जीभ चावली आणि खुर्ची पडद्याआड नेली.

आज समोर कागद नव्हते. तीनशे वर्षांपूर्वीच्या रचनेपासून यंदाच लिहिलेल्या रचनेपर्यंत सगळं तोंडपाठ वाजवायचं, असं मुलीने ठरवून दिलं होतं. आई गेल्यापासून बाबांनी दोन कार्यक्रम ऐन वेळी मोडले होते. तिसराही मोडला तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, हे तिने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

एकतीस वर्षं पानं उलटायचं काम बायकोचं होतं. पुढे पुढे तिचे गुडघे धरायला लागले. खुर्चीतून उठायला तिला वेळ लागे, म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी तो अर्धा श्वास थांबू लागला. वर्तमानपत्रांनी त्या थांबण्याचं कौतुक केलं. वाजवतोस तू आणि नाव होतं माझ्या गुडघ्यांचं, असं ती म्हणायची.

त्याने सगळ्यांत जुनी रचना सुरू केली. पहिलं पान जिथे संपायचं तिथे हात आपोआप थांबले. डावीकडे गुडघा कट्‌कन वाजला. कापड सळसळलं. मग हात पुढे गेले. दुसऱ्या पानाला तेच झालं, तिसऱ्यालाही.

मध्यंतरात मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती.

"बाबा, समोर कागद नाहीत. मग थांबता कुणासाठी?"

"तिला उठायला वेळ लागतो ना."

मुलगी हळूच म्हणाली, "शेवटची रचना आईने पाहिलेलीसुद्धा नाही. ती तरी सरळ वाजवा."

त्याने मान हलवली आणि भरलेला ग्लास तसाच परत दिला.

शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेत गुडघा सहा वेळा वाजला. मग यंदाच्या रचनेची पाळी आली. ती त्याने रिकाम्या घरात, स्वतःच पानं उलटत बसवली होती. हात कुठेच अडले नाहीत. पान संपायच्या जागा आल्या आणि गेल्या. डावीकडे सामसूम होती.

रचना संपली तेव्हा लोक उभे राहिले. इतक्या सफाईने त्याने कित्येक वर्षांत वाजवलं नव्हतं. पडद्याआड मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. तो मात्र डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

लोक आणखी एक वाजवा म्हणत होते. त्याने हॉलच्या माणसाला खुणेने जवळ बोलावलं.

"ती खुर्ची परत आणा."

खुर्ची आली. त्याने ती स्वतःच्या हाताने जरा पुढे ओढली, आणि सगळ्यांत जुनी रचना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पहिलं पान संपलं. हात थांबले. अर्धा श्वास झाला. पुरा झाला. लोकांना वाटलं, हीच ती त्याची नावाजलेली शांतता; कुणी खोकलंसुद्धा नाही.

तो डावीकडे कान देऊन बसला होता.