तीन वर्षांची अट

"तू फक्त गप्प बस," मंडळातला जुना सोबती नरेंद्र फोनवर म्हणाला. "ठराव आपोआप पडतो आणि संध्याकाळपर्यंत तू अध्यक्ष. तोंड उघडलंस, तर मग आमच्याकडे बघू नकोस."

दिनकरने लॅपटॉप सुरू केला होता, कॅमेरा अजून बंद होता. कोरोनामुळे यंदा मंडळाची सभाही ऑनलाइन आणि निवडणूकही. थोड्याच वेळात सुरुवात होणार होती.

नेदरलँड्समधल्या त्या मराठी मंडळात दिनकर म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. गणपतीत सिनेमाची गाणी नकोत, प्रसादाला विकतचे मोदक नकोत, आरतीत एक शब्द इकडचा तिकडे नको. हूफडॉर्पच्या त्याच्या घरातून वीस वर्षं मंडळाची मूर्ती निघाली, सतरंज्या निघाल्या, पातेली निघाली. अध्यक्षाची खुर्ची मात्र दर वेळी दुसऱ्याच कोणाला मिळाली. यंदा ती त्याला हवी होती, आणि हवी आहे हे लपवण्याइतका तो साधूबिधू नव्हता. जुने सभासद बहुतेक सगळे त्याच्या बाजूचे. समोर उभे होते द हेगचे श्यामकांत, आणि त्यांच्यामागे जेमतेम आठ-दहा घरं.

घोडं अडलं होतं ते एका ठरावावर. मंडळाचा नियम असा, की भारतातून नव्याने आलेल्याला तीन वर्षं मत नाही. वर्गणी भरा, खुर्च्या लावा, भांडी घासा, पण मत नाही. ही अट काढायचा ठराव आज आधी येणार होता आणि निवडणूक त्यानंतर. म्हणजे अट गेली, की नवे लोक आजच मत देणार, आणि ते आता जवळजवळ जुन्यांइतकेच झाले होते. श्यामकांत उघड सांगत होते, "मंडळ म्हणजे धर्मशाळा नव्हे. तीन कसली, पाच वर्षं करा." आणि खरं सांगायचं, तर दिनकरच्या माणसांनाही मनातून तेच पटत होतं.

"नरू, ही पोरं वर्षभर इथे एकटी अडकलीत," दिनकर म्हणाला. "विमानं धड सुरू नाहीत. मंडळानेही त्यांना परकं म्हणायचं का?"

"गणपतीत डीजे लावतील ना, तेव्हा सांग मला." नरेंद्रने फोन ठेवून दिला.

सुमेधाने नवऱ्यापुढे चहा ठेवला. "भावजींचं ऐका. नाहीतर तेलही गेलं, तूपही गेलं असं व्हायचं."

"मग अंबरीशला काय सांगू?"

गेल्या वसंतात दोघंही एकदमच तापाने आडवे झाले होते. वीस वर्षं ज्यांच्या पंगती वाढल्या, त्यांनी फोनवर चौकशी केली. अंबरीश चार गल्ल्या सोडून राहणारा, पुण्याहून नोकरीसाठी नुकताच आलेला. तो रोज यायचा. दूध, तांदूळ, तापाच्या गोळ्या, सगळं पिशवीत घालून दाराच्या मुठीला अडकवायचा, बेल दाबायचा आणि रस्त्यावर लांब जाऊन उभा राहायचा. दिनकर दार उघडून दिसला, की मगच सायकलवर बसायचा. दिनकरला ते आठवलं, की अजून भरून येई.

परवा तो घरी आला होता. कोरोनाच्या नियमाने घरात एकच पाहुणा चालत असे, म्हणून एकटाच आला.

"काका, ठराव तुम्ही मांडलात तरच पास होईल," तो म्हणाला होता. "जुने लोक दुसऱ्या कोणाचं ऐकायचे नाहीत. आमची माणसं हे विसरणार नाहीत."

मग चिवडा खाता खाता त्याने विचारलं, "विमानं सुरू झाली की पुष्कळ लोक येतील ना हो? आमच्या कंपनीतच केवढी भरती आहे. आत्ताच भाड्याने घर मिळत नाही, तेव्हा काय होईल?"

"येऊ देत की. मंडळ मोठं होईल."

अंबरीश हसला आणि त्याने आणखी थोडा चिवडा घेतला.

सभा सुरू झाली. वसुधाताई निवडणूक अधिकारी होत्या. त्यांनी ठराव पुकारला. खुर्ची हातातोंडाशी आली होती, नुसतं बसून राहायचं होतं. त्याने माइक सुरू केला.

"मी जुन्या मतांचा आहे, तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण आपण सगळे कधीतरी नवीनच होतो. ही अट काढा. माझ्या शब्दाला काही किंमत असेल तर काढा."

बाजूला संदेशांचा पाऊस पडला. 'दिनकरराव, हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं.' 'मग श्यामकांत काय वाईट?' नरेंद्रने कॅमेरा बंद केला. पाठोपाठ आणखी चौकटी काळ्या झाल्या. ठराव पास झाला, पण अगदी काठावर. नव्या मंडळींनी आपापल्या खोल्यांतून टाळ्या वाजवल्या. अंबरीशने दोन्ही हात जोडले.

मग अध्यक्षपदाचं मतदान झालं, नव्या-जुन्या सगळ्यांचं. चहा तसाच गार होत राहिला. सुमेधा उभ्या उभ्याच पडद्याकडे बघत होती. वसुधाताईंनी चष्मा सारखा केला आणि निकाल वाचला. श्यामकांत निवडून आले होते, तेही चांगल्या मताधिक्याने.

"सांगत होते मी," सुमेधा हळूच म्हणाली.

दिनकरचं डोकंच फिरलं. त्याने आवाज बंद करून नरेंद्रला फोन लावला. "झालं समाधान? वीस वर्षं एका ताटात जेवलात आणि आज सगळे फुटलात?"

"कोण फुटलं?" नरेंद्र म्हणाला. "शिव्या तुला पोटभर घातल्या, नाही म्हणत नाही. पण मत तुलाच दिलं. मत दिल्याचे स्क्रीनशॉट टाकलेत सगळ्यांनी आपल्या ग्रुपवर, बघ उघडून. आपलं एकही घर हललेलं नाही."

दिनकरने ग्रुप उघडला; सगळ्यांची मतं खरंच त्यालाच होती. सुमेधाने पुढे होऊन लॅपटॉपचा आवाज वाढवला. श्यामकांतांचं आभाराचं भाषण संपत आलं होतं.

"तर नव्या मंडळींना दिलेल्या शब्दाप्रमाणे पहिला ठराव आत्ताच घेऊ," ते म्हणाले. "आजपासून पुढे जो नवीन येईल, त्याला पाच वर्षं मत नाही. ठराव मांडतायत हूफडॉर्पचे अंबरीश."

अंबरीशने माइक सुरू केला. "सर्वप्रथम," तो म्हणाला, "दिनकरकाकांचे मनापासून आभार."