सूर जुळले

दातांच्या डॉक्टरला आणि त्याच्या बसड्रायव्हर नवऱ्याला जोडीने प्रार्थनेला बसता येईल अशी जागा शहरात काही मिळत नव्हती. मागच्या ठिकाणी कुणीतरी "दोघे भाऊ का?" असं विचारलं, आणि खरं सांगितल्यावर आजूबाजूच्या खुर्च्या पटापट रिकाम्या झाल्या. लॉन्ड्रीच्या माडीवरच्या या मंडळात मात्र दोघांना थेट पहिल्या रांगेत बसवलं. ड्रायव्हर इतका खूश झाला की डोळे मिटून, गळा मोकळा सोडून गायला लागला.

प्रार्थना संपताच मंडळ चालवणाऱ्या आजींनी डॉक्टरला जिन्यात बोलावलं. त्याने मागचं दार ओढून घेतलं आणि हळूच विचारलं,

"आजी, आमच्या नात्याबद्दल काही...?"

"नात्याला काय धाड भरलीय? इथे निम्म्या जोड्या तुमच्यासारख्याच आहेत. पण बाळा, त्याचं ते गाणं! लॉन्ड्रीवाला धावत वर आला, कोण पडलं म्हणून."

डॉक्टर हसू दाबत, डोळे पुसत आत आला. ते डोळे बघून ड्रायव्हरचा चेहराच उतरला. "इथेही नको म्हणाले ना?"

"नाही रे, दर आठवड्याला या म्हणाल्या."

"आणि?"

 

"आणि म्हणाल्या, तू मनातल्या मनात गायलास की देवाला जास्त नीट ऐकू जातं."