मागचं दार

जकार्ताजवळच्या शिवणकारखान्यात अकरा पोरी जळाल्या, कारण मालकाने मागच्या दाराला कुलूप ठोकलं होतं. लेखिका सेकारने तेच कथेत लिहून नेलं.

भयकथासंग्रहाचे संपादक हेंदार्तो तोंड वाकडं करून म्हणाले, "मालक कशाला, बाई? दाराशी ती हडळ, कुंतीलानाक, उभी कर. पांढरा झगा, मोकळे केस. शंभर वर्षं तीच खपतेय. शिवाय भूत कोर्टात जात नाही."

तिनेही मुकाट उभी केली. पुस्तक हातोहात गेलं.

वर्षाने ती कारखान्यात गेली, तर रखवालदाराने कौतुकाने तिला मागच्या दाराशी नेलं. समोर फुलं, उदबत्ती. दाराला कुलूप.

"अजून कुलूप?"

"आगीनंतर पोरी रोज भांडायच्या, उघडा म्हणून," तो म्हणाला. "तुमची गोष्ट वाचल्यापासून त्याच म्हणतात, बंदच राहू दे."