पहिलीच्या बाई

गांधीबागेजवळच्या एका शाळेत प्रेमलताबाई पहिलीला शिकवायच्या. पंचाहत्तर साली त्यांनी पोस्टाने चालणारा शिक्षकांचा कोर्स घेतला. ‘घरबसल्या, सवडीने शिका’ असं जाहिरातीत होतं. ती सवड मात्र त्यांनाच शोधावी लागली, कधी चुलीपुढे, कधी आजारी सासूच्या उशाशी. लहान मुलांना वाचायला कसं शिकवावं, एवढा एकच ध्यास होता. बाई चांगल्या मार्कांनी पास झाल्या, आणि त्यांच्या वर्गातली विणकरांची पोरं बाजारातल्या दुकानांच्या पाट्या धडाधड वाचू लागली.

हेडमास्तरांनी खूश होऊन बाईंना आपल्या खोलीत बोलावलं, पेढा दिला.

"बाई, आता तुमचं ट्रेनिंग झालं. पहिलीवर काहून वाया जाता? उद्यापासून इथं ऑफिसात बसत जा."

"अन् माझी पहिली, सर?"

"पहिलीले काय, कोणीबी चालते!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेढा टेबलावर ठेवून त्या उठल्या आणि दारातून वळून म्हणाल्या,



"कोणीबी चालते न, सर? मग मीच काहून नाही चालत?"