लाटा बंद आहेत

शिट्टीऐवजी हिरवा रुमाल.

हात वाळवायच्या यंत्रावर उशीचा अभ्रा, वरून चिकटपट्टी.

छातीइतक्या पाण्यात एक दाढीवाला तरुण सतराचा पाढा म्हणतोय, कुजबुजत.

निम्मे दिवे.

"लाट."

लाटांच्या तलावावर महिन्यातून एकदा शांत सत्र असायचं, स्वमग्न मुलांसाठी. गर्दी नाही, गाणी नाहीत, कुणी रोखून बघणार नाही. मुलगी उथळ पाण्यात उभी होती, समोरच्या भिंतीतल्या जाळीकडे तोंड करून. लाटा त्या जाळीतून येतात हे तिला ठाऊक होतं.

"लाट," ती पुन्हा म्हणाली.

आईने काठावरच्या जीवरक्षकाला विचारलं, "दादा, लाटा कधी सोडणार?"

"आज नाही, मॅडम. शांत सत्र आहे ना." तो समजुतीने हसला. "तुमच्यासाठीच तर बंद ठेवल्यात."

"आमच्यासाठी? अहो, ही लाटांसाठीच आलीय."

"पण या मुलांना आवाज सोसत नाही."

"हिला सोसतो. आवडतो. हिला गर्दीतले धक्के सोसत नाहीत. एरवी आणलं की तुम्हीच सांगता, फार किंचाळते, बाहेर घ्या."

"आज किंचाळू दे की. आज कुणी काही म्हणणार नाही."

"किंचाळायला आहे काय आज?"

जीवरक्षकाने हिरव्या रुमालाने मान पुसली. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. "साहेबांना विचारून येतो," म्हणाला आणि यंत्राच्या खोलीकडे गेला. परतला तेव्हा चेहरा उजळला होता.

"पाच मिनिटं सोडतो म्हणाले. फक्त आधी भोंगा द्यावा लागेल. लोक सावध व्हायला हवेत ना, भोंग्याशिवाय लाटा सोडायच्या नाहीत असा नियम आहे."

"द्या मग भोंगा."

पाढा थांबला.

तरुणाच्या मागे त्याचा बाप उभा होता, अर्धा पाण्यात. "ताई," तो हळूच म्हणाला, "भोंगा नको हो."

"पाचच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं. आमचा अख्खा आठवडा जाईल." त्याने मुलाकडे न बघता मान किंचित हलवली. "आज पहिल्यांदा पाण्यात आलाय. कान न झाकता."

आईने पाहिलं. तरुणाचे दोन्ही तळवे पाण्यावर सपाट टेकलेले होते, गादीवर ठेवावेत तसे.

भांडायला आज कुणीतरी हवंच होतं तिला. समोर होते ते हे दोघे भले, जीवरक्षक आणि तो बाप.

"राहू द्या," ती इतक्या तुटकपणे म्हणाली की दोघांनीही एकदमच "सॉरी" म्हटलं. त्यामुळे तिचा संताप आणखीच वाढला.

ती कपड्यांनिशी पाण्यात उतरली. कमरेइतक्या पाण्यात जाऊन दोन्ही हातांनी पाणी ढकलू लागली. ढकल, ओढ. ढकल, ओढ. ओढणी गळ्याभोवती चिकटली, केस तोंडात गेले. पाणी थोडंसं हललं. एक बारीकशी सुरकुती मुलीच्या गुडघ्यांना लागून परतली.

"ही बघ! आली बघ!" आई धापा टाकत म्हणाली.

मुलीने वाकून गुडघ्यांपाशी पाहिलं. मग ती आईपर्यंत चालत आली, तिने आईचं मनगट धरलं आणि हात थांबवला, चालू राहिलेला मिक्सर बंद करावा तसा. पुन्हा जागेवर जाऊन जाळीकडे तोंड करून उभी राहिली.

"लाट."

मागे सतराचा पाढा पहिल्यापासून सुरू झाला.

पोहायचा पोशाख तिने परवा संध्याकाळीच अंगात चढवला होता, आणि काल शाळेतही गणवेशाच्या आत तोच घालून गेली होती.