गाठीचा हार

होळीला मामानं सहा वर्षांच्या ओवीच्या गळ्यात साखरेच्या गाठीचा हार घातला. "जेवल्यावर दोनच गाठ्या द्या, दिवसभर चघळू देऊ नका, वरून खळखळून चूळ भरायला लावा," असं दातांच्या डॉक्टरनं मागच्याच आठवड्यात तिच्या मायला, दामिनीला, बजावलं होतं. दामिनीनं जेवण झाल्यावर हारातल्या दोनच गाठ्या तोडून लेकीच्या हातावर ठेवल्या आणि पाण्याचा तांब्याही जवळ आणून ठेवला.

पहिली गाठी ओवीच्या तोंडात गेली न गेली तोच तिचा बाप गजेंद्र घरात आला. पोरीचं फुगलेलं गालफड पाहून त्याचं डोकंच सटकलं.

"डॉक्टरले पैसे देऊन आलो ना आपण? अन् तू पोरीचे दात सडवून राहिली का?"

"अवो, डॉक्टरनंच सांगतलं..."

पुढचं बोलायच्या आत दामिनीच्या कानशिलात बसली आणि पाठोपाठ तोंडावर ठोसा. मग त्यानं ओवीच्या गळ्यातला हार हिसकला, भिंतीवर आपटला. पांढरे तुकडे फरशीभर उडाले.

"या घरात पोरीच्या दातांची काळजी फक्त मलेच हाय!" असं ओरडून तो तरातरा निघून गेला.

ओवी हुंदके देत खाली बसली आणि एकेक तुकडा वेचून ओच्यात टाकू लागली. एक तुकडा ओला लागला. तिनं तो फ्रॉकला पुसला, निरखला आणि पदरानं तोंड दाबून बसलेल्या मायपुढे धरला.



"माय, हा त तुया दात हाय वं. पण तू त एक बी गाठी खाल्ली नोती!"