पाळकाची मोटरसायकल

मिशनच्या पाहुण्यांनी दोन महिन्यांपूर्वी लेकाला दिलेली मोटरसायकल, ते पुन्हा आले तेव्हा मी त्यांच्यादेखतच पहारीने फोडली. आधी दिव्याचा चुरा केला, मग टाकीला भोक पाडलं, पेट्रोल अंगणभर सांडलं. माझा लेक पाळक आहे. प्रेमावर इतकं गोड बोलतो की चर्चमधल्या बाया डोळे पुसतात. तो अडवायला धावला, तशी त्याच्याही नडगीवर एक ठेवून दिली.

"म्हातारीचं डोकं फिरलंय," तो पाहुण्यांना म्हणाला.

"तुझं ठिकाणावर आहे ना, मग गप बस."

सून दारात उभी होती, प्लास्टरमधला हात पोटाशी धरून. न्हाणीत घसरले, असं तिनं गावभर सांगितलं होतं.

पाहुण्यांतली बाई रडवेली झाली. "आजी, चर्चमधल्या लोकांच्या भांडणांनी तो आधीच वैतागलेला असतो. आता पुन्हा एवढी टेकडी तुडवत घरी यायचं का त्यानं?"

पहार टेकवून मी जरा दम खाल्ला.

 

"हो, बाई. चालून चालून त्याचा राग त्या टेकडीवरच विझायचा, तुमची गाडी त्याला रागासकट घरी पोचवते."